अल्पाकाची लोकर: एवढी ऊबदार, मग स्वेटर लोंबतो का?

विणणाऱ्या चार जणी जमल्या आणि अल्पाका या दक्षिण अमेरिकेतल्या प्राण्याच्या लोकरीचा विषय निघाला की दोन टोकांची मतं हमखास ऐकू येतात. एक म्हणते, ही लोकर एकदा हाताळली की दुसरी नकोशी होते, इतकी मऊ आणि ऊबदार. दुसरी म्हणते, एवढ्या हौसेने स्वेटर विणला आणि थंडी संपेपर्यंत तो मांड्यांपर्यंत उतरला. दोघीही खरं बोलत असतात. अल्पाकाचं कौतुक आणि अल्पाकाबद्दलची तक्रार यांचं मूळ एकच आहे, ते म्हणजे तिच्या तंतूची घडण. ही घडण समजली की तिचं काय विणावं, काय टाळावं, सुई कोणती घ्यावी आणि कपडा धुवायचा कसा, याची उत्तरं आपली आपल्याला सुचू लागतात.

हे सविस्तर सांगावंसं वाटतं त्याला कारण आहे. आपल्याकडे दुकानात ‘लोकर’ म्हणून जे गुंडे मिळतात त्यातले बरेचसे अ‍ॅक्रिलिकचे असतात, म्हणजे खनिज तेलापासून तयार केलेल्या कृत्रिम धाग्याचे. आपला हात त्यावर बसलेला असतो. मग परदेशातून येताना मुलगी किंवा भाचा अल्पाकाच्या लड्या घेऊन येतो, आपण जुन्याच अंदाजाने टाके घालतो आणि महागाची लोकर वाया गेल्यासारखी वाटते. लोकर वाया गेलेली नसते. तिला तिच्या स्वभावाचं काम मिळालेलं नसतं.

अल्पाका हा उंटाच्या कुळातला प्राणी. मदार नाही, मान लांब, खांद्यापाशी उंची जेमतेम तीन फूट. त्याचं घर दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतरांगांत, साधारण ३,५०० ते ५,००० मीटर उंचीवरच्या गवताळ पठारांवर. लेह ३,५०० मीटरवर आहे हे लक्षात घेतलं तर ही उंची डोळ्यांसमोर येईल. तिथे दिवसा ऊन चटका देतं आणि रात्री पाणी गोठतं. जगातले बहुतेक अल्पाका पेरू देशात आहेत, मुख्यतः पुनो, कुस्को आणि अरेकिपा या भागांत, त्यानंतर बोलिव्हियात. ते पाळणारी कुटुंबं बव्हंशी केचुआ आणि आयमारा भाषा बोलणारी, छोटे कळप राखणारी. वर्षातून एकदा कातरणी होते.

माणसाने अल्पाका पाळायला सुरुवात केली त्याला सहा हजार वर्षांहून अधिक काळ लोटला. त्याचा रानटी पूर्वज म्हणजे विकुन्या, हे डीएनएच्या तपासणीतून २००१ मध्ये पुढे आलं. अँडीजमधल्या इंका लोकांच्या राज्यात अल्पाका आणि विकुन्याच्या लोकरीपासून ‘कुंबी’ नावाचं अतिशय तलम कापड विणलं जाई आणि त्याचा मान सोन्याहून मोठा होता. १५३२ मध्ये स्पॅनिश आले आणि हे सगळं मोडलं. मेंढ्यांना चांगली कुरणं मिळाली, अल्पाका उंच, ओसाड भागांत ढकलले गेले, कळप झपाट्याने घटले आणि उरलेल्यांचा लामा या त्यांच्याच कुळातल्या मोठ्या प्राण्याशी संकर होत गेला.

या मोडतोडीचा पुरावा जमिनीखाली सापडला. दक्षिण पेरूच्या वाळवंटात एल यारल नावाच्या ठिकाणी साधारण हजार वर्षांपूर्वी पुरलेले अल्पाका आणि लामा मिळाले. कोरड्या हवेने त्यांचं कातडं आणि केस शाबूत राहिले होते. त्यांच्या तंतूंची तपासणी केल्यावर दिसलं की त्या काळच्या अल्पाकांची लोकर आजच्या सरासरी अल्पाकापेक्षा तलम होतीच, शिवाय एकसारखी होती. म्हणजे आज आपण ज्या लोकरीला चांगली म्हणतो त्याहून सरस लोकर निवडीने आणि जोपासनेने तयार करणारे पशुपालक तिथे होऊन गेले. मला ही गोष्ट फार अस्वस्थ करते. लोकरीचा तलमपणा पिढ्यान्‌पिढ्यांच्या कष्टाने येतो आणि एका धक्क्यात जातो.

युरोपात अल्पाकाचा धागा गाजला तो १८३६ नंतर. इंग्लंडमधल्या ब्रॅडफर्डचे कापड गिरणीमालक टायटस सॉल्ट यांनी लिव्हरपूलच्या गोदामात कुणी विचारत नसलेले अल्पाकाचे गठ्ठे पाहिले, विकत घेतले, आणि सुती ताण्यावर अल्पाकाचा बाणा घालून चकचकीत कापड तयार केलं. त्यातून त्यांनी सॉल्टेअर हे गिरणीगाव वसवलं. तिथली गिरणी १८५३ मध्ये सुरू झाली. हेच हलकं, काळं, झळाळीचं कापड पुढे हिंदुस्थानातही आलं आणि वकील, कारकून, मास्तर यांच्या अंगावर अल्पाकाचे कोट दिसू लागले. आपल्या पणजोबांच्या फोटोतला काळा कोट कदाचित त्याच कापडाचा असेल. विणायच्या धाग्याशी मात्र त्या कापडाचा संबंध इतकाच की दोन्हींतली झळाळी एकाच कारणाने येते.

ते कारण समजण्यासाठी सूक्ष्मदर्शक लागतो. मेंढीच्या लोकरीचा एक तंतू त्याखाली धरला तर त्यावर खवले दिसतात, छपरावर कौलं एकावर एक चढवलेली असतात तसे. मेरिनो मेंढीच्या तंतूवर या खवल्यांच्या कडा साधारण ०.८ मायक्रॉन उचललेल्या असतात. (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग.) अल्पाकाच्या तंतूवर खवले असतातच, पण त्यांच्या कडा बसक्या, साधारण निम्म्या उंचीच्या. एवढ्याशा फरकातून कितीतरी गोष्टी घडतात. पृष्ठभाग गुळगुळीत असल्याने उजेड विखुरत नाही, म्हणून झळाळी. बोटांना तो रेशमाच्या जवळचा लागतो. तंतू एकमेकांत अडकत नाहीत, म्हणून अल्पाका मेंढीच्या लोकरीइतक्या सहज घट्ट गोळा होत नाही. पण होत नाहीच असं नाही. गरम पाण्यात टाकून चोळलं तर अल्पाकाचाही नमदा, म्हणजे तंतू गुंतून झालेला घट्ट थर, होतो, जरा उशिराने इतकंच.

आणि याच गुळगुळीतपणामुळे टाके सुईवरून घसरतात. स्टीलच्या सुयांवर जाळीची वीण विणताना सुटलेला टाका दोन-तीन ओळी खाली उतरलेला सापडतो. बांबूच्या किंवा लाकडी सुया घ्या, त्या धाग्याला धरून ठेवतात.

दुसरा फरक चिकटपणाचा. मेंढीच्या लोकरीवर लॅनोलिन नावाचा मेणासारखा थर असतो आणि तो काढायला गरम पाणी, साबण, बराच खटाटोप करावा लागतो. अल्पाकाच्या अंगावर असा थर फार कमी. त्यामुळे भिजल्यावर मेंढीचा तो ओळखीचा वास येत नाही आणि लॅनोलिनने ज्यांच्या त्वचेला त्रास होतो त्यांना ही लोकर चालण्याची शक्यता जास्त. अल्पाकाला धुळीत लोळायची मात्र भारी आवड, म्हणून कातरलेली लोकर झटकली की धुळीचा लोट उठतो. हाताने सूत कातणारे कारागीर ती आधी जाळीवर पसरून धूळ पाडून घेतात.

आता उबेकडे वळू. अल्पाकाचे तंतू आतून पोकळ असतात, त्यात हवा असते, म्हणून ती मेंढीच्या लोकरीच्या इतक्या पट गरम, असं विक्रेते सांगतात. यात तथ्य अर्धंच आहे. बऱ्याच तंतूंच्या मध्यभागी हवेचे कप्पे असलेला भेंडासारखा गाभा असतो हे खरं. पण तो जाड तंतूंत ठळक असतो. सगळ्यात तलम तंतूंत तो तुटक असतो किंवा नसतोच. नुसत्या पोकळीमुळे ऊब येत असती तर राठ अल्पाका सर्वांत गरम ठरली असती आणि महागडी तलम अल्पाका मागे पडली असती. ऊब मुख्यतः धरून ठेवलेल्या, न हलणाऱ्या हवेची असते. अल्पाकाच्या विणलेल्या कपड्यावर काही दिवसांत बारीक लव उभी राहते आणि त्या लवेत हवेचा एक थर अडकतो. कपडा अंगालगत लोंबत असल्याने वाराही आत शिरत नाही. पटींच्या आकड्यांवर मी विश्वास ठेवत नाही, कारण ऊब धाग्याच्या जाडीवर आणि विणीवर तितकीच अवलंबून असते. पण बारीक धाग्याची अल्पाकाची शाल तिच्या वजनाच्या मानाने आश्चर्य वाटावं इतकी ऊब देते, हे वापरणारं कुणीही सांगेल.

सगळं अडतं ते वळणांवर

इथे जरा थांबून नीट पाहू, कारण अल्पाकाने विणणाऱ्यांची जी काही फसगत होते ती इथेच.

मेरिनोच्या तंतूला जन्मतः बारीक, दाट नागमोडी वळणं असतात. तंतू ताणला की वळणं सरळ होतात, सोडला की पुन्हा आखडतात. असे हजारो तंतू पीळ देऊन एकत्र आले की धाग्यालाच आखडून परत येण्याची ताकद येते. स्वेटरची बॉर्डर मनगटाला धरून राहते, कोपरावर ताणलेला भाग रात्रीतून जागेवर येतो, हे त्या वळणांचं काम.

अल्पाकाच्या दोन जाती आहेत. वाकाया ही फुगीर अंगाची, टेडी अस्वलासारखी दिसणारी जात. पेरूतले बहुतेक अल्पाका याच जातीचे. तिच्या तंतूला वळणं असतात, पण मेरिनोपेक्षा कमी आणि सैल. सुरी ही दुसरी, दुर्मीळ जात. तिच्या अंगावर लांब, पिळाच्या बटा सरळ खाली लोंबतात आणि तंतूला वळणं जवळजवळ नसतातच. म्हणून सुरीच्या धाग्याची झळाळी जास्त, झोळ जास्त आणि लवचीकपणा सर्वांत कमी.

हे करून पाहण्यासारखं आहे. मेरिनोचा वीतभर धागा दोन्ही हातांच्या चिमटीत धरा, हलकेच ताणा आणि एक टोक सोडा. तो लगेच आखडतो, थोडा कुरळा होतो. आता तेवढाच अल्पाकाचा धागा घ्या. ताणताना तो फारसा विरोध करत नाही, आणि सोडल्यावर शांतपणे सरळ लोंबत राहतो. मग तोच धागा शेकडो टाक्यांच्या रूपात खांद्यांवर टांगला तर काय होईल? वर टाके घालताना लागलेली ओढ, खाली कपड्याचं स्वतःचं वजन, आणि मागे खेचणारं कुणी नाही. कपडा लांबत जातो, बाह्या बोटांवर येतात, गळा सैलावतो.

यात वजनाचाही वाटा आहे. वळणं कमी म्हणून तंतू एकमेकांना अगदी चिकटून बसतात, धाग्याच्या आत मोकळी जागा कमी राहते. परिणामी सारख्याच जाडीच्या धाग्यात अल्पाका जास्त भरते. लेबलवर १०० ग्रॅममागे किती मीटर धागा आहे ते पाहायची सवय लावून घ्या. मेरिनोसाठी लिहिलेला नमुना अल्पाकात विणायचा असेल तर लोकर ग्रॅमवर नव्हे, मीटरवर मोजून घ्यायची; नाहीतर दुसरी बाही अर्धी असताना गुंडा संपतो. लोकर पूर्ण पुरली तरी मोठ्या माणसाचा स्वेटर अल्पाकात अधिक जड होतो, आणि ते वजनच त्याला खाली ओढतं.

टोरांटोत राहणाऱ्या माझ्या मैत्रिणीने शंभर टक्के अल्पाकाचा लांब कार्डिगन विणला होता. एक ओळ सुलट, एक ओळ उलट अशी साधी वीण, जाड सुया, खालून वरपर्यंत कुठेही शिवण नाही. तिथला हिवाळा लांब; फेब्रुवारीपर्यंत तो रोज वापरात होता आणि तोवर त्याच्या बाह्या हातमोज्यांचं काम करू लागल्या. तिने तो उसवला आणि त्याच लोकरीला मेरिनोचा बारीक धागा जोडून, सुई दोन नंबर कमी घेऊन, कंबरेपर्यंतचाच पुन्हा विणला. खांदे आणि बाजू वेगळ्या विणून शिवल्या. तो स्वेटर आजही मापात आहे. तिने केलेल्या प्रत्येक बदलामागचं कारण वर आलंच आहे: मेरिनोने वळणं दिली, बारीक सुईने टाक्यांना सरकायला जागा ठेवली नाही, लांबी कमी झाल्याने वजन घटलं आणि शिवणींनी ते वजन पेललं.

अँडीजमधल्या विणकरांना हे पूर्वीपासून ठाऊक आहे. तितिकाका सरोवरातल्या ताकिले बेटावर विणकाम पुरुष करतात. मुलगे सात-आठ वर्षांचे झाले की सुया हातात घेतात. धागा मानेभोवती फिरवून घेतात आणि ‘चुयो’ म्हणजे कानटोप्या इतक्या बारीक सुयांवर, इतक्या घट्ट विणतात की टोपी जवळजवळ ताठ उभी राहते. या बेटाच्या वस्त्रकलेला युनेस्कोने २००५ मध्ये गौरवलं. तिथलं हातकताईचं सूत कडक पिळाचं असतं. दुकानात मिळणारी अल्पाका मात्र ग्राहकाला दाबून पाहताना मऊ लागावी म्हणून बहुधा सैल पिळाची कातलेली असते, आणि सैल पीळ म्हणजे जास्त लव, जास्त गोळ्या आणि जास्त लोंबणं. धागा निवडताना पीळ पाहा. दोन पदरी सैल धाग्यापेक्षा तीन-चार पदरी, नीट पिळाचा धागा स्वेटरला कितीतरी बरा.

‘बेबी अल्पाका’ आणि टोचणं

लेबलवर ‘बेबी अल्पाका’ दिसलं की बहुतेकांना वाटतं ही पिल्लांची लोकर. तसं नाही. ही तलमपणाची प्रत आहे. पेरूच्या प्रतवारीत २३ मायक्रॉनपर्यंतच्या तंतूला बेबी म्हणतात, मग तो अल्पाका कितीही वयाचा असो. त्याच्या वर साडेसव्वीस मायक्रॉनपर्यंत ‘फ्लीस’, आणि साडेएकतीसच्या पुढची जाड, गालिचे-पट्ट्यांच्या कामाची. बेबीपेक्षाही तलम, १९ मायक्रॉनच्या आसपासची लोकर ‘रॉयल’ नावाने विकली जाते. तुलनेसाठी, माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन असतो आणि विकुन्याचा तंतू १२-१३. पिल्लाची पहिली कातरणी सहसा तलम निघते म्हणून ते नाव पडलं असावं, पण बेबी प्रतीच्या लोकरीत मोठ्या जनावरांच्या पाठीवरची तलम लोकरही असते.

ही प्रतवारी कशी होते ते कळलं तेव्हा माझा या लोकरीबद्दलचा आदर वाढला. अरेकिपाच्या गिरण्यांत बायका कातरलेल्या लोकरीच्या ढिगापाशी बसतात. एकाच जनावराच्या लोकरीत पाठीवरचा भाग तलम, छातीचा आणि पायांचा राठ. त्या पूर्ण लोकर उलगडतात, मूठ-मूठ वेगळी करतात, बोटांत चोळतात आणि आपापल्या ढिगात टाकतात. चार-पाच मायक्रॉनचा फरक त्यांच्या बोटांना कळतो. हे काम शिकायला वर्षं लागतात आणि अजून हातानेच होतं. गुंड्याच्या किमतीत या बोटांची किंमत असते.

टोचण्याचा प्रश्न इथेच सुटतो. लोकर अंगाला खाजते ती बहुतेक वेळा अ‍ॅलर्जीने नाही. साधारण ३० मायक्रॉनपेक्षा जाड तंतूचं टोक त्वचेला लागलं की ते वाकत नाही, बोचतं, आणि शंभरात पाचेक तंतू असे असले तरी कपडा टोचरा वाटतो. म्हणून लेबलवरच्या सरासरीवर सगळा भरवसा ठेवू नये. सरासरी २२ असूनही अधूनमधून राठ केस मिसळलेले असतील तर गळ्याला ते जाणवतातच. दुकानात लोकर तळहाताने दाबून पाहणं उपयोगाचं नाही, तळहाताची कातडी जाड असते. गुंडा मानेला, जबड्याच्या खाली धरून मिनिटभर थांबा. तिथे चाललं तर कुठेही चालेल.

रंगांबद्दल एवढंच सांगते: अल्पाका पांढऱ्यापासून करड्या, तपकिरी छटांतून काळ्यापर्यंत नैसर्गिकरीत्या असते, साधारण २२ छटा मानल्या जातात. गिरण्यांना रंगवायला सोपी म्हणून पांढरी हवी असते, त्यामुळे पशुपालकांनी पांढरे अल्पाका वाढवले आणि रंगीत मागे पडत गेले. न रंगवलेली तपकिरी किंवा करडी अल्पाका मिळाली तर जरूर घ्या. रंगाच्या प्रक्रियेतून न गेल्याने ती आणखी मऊ लागते आणि तिच्यातल्या छटांची सरमिसळ कुठल्याही डायला जमत नाही.

मग विणावं काय?

झोळ हवा असेल अशा गोष्टी. शाल, स्टोल, मफलर, गळ्याभोवतीचा गोल काऊल. जाळीच्या विणीसाठी तर अल्पाका फार सुंदर. लोकर केराटिन या प्रथिनाची बनलेली असते. ओली झाली की तिच्या आतले काही बंध सुटतात आणि वाळताना नव्या जागी पुन्हा जुळतात. म्हणून शाल ओली करून, टाचण्या लावून ताणून वाळवली की जाळी उघडते आणि तशीच राहते. मेरिनो हळूहळू पुन्हा आखडते, अल्पाकात आखडायला वळणंच नाहीत. लोंबण्याचा जो दोष स्वेटरमध्ये खटकतो तोच इथे कामाला येतो.

टोपी आणि हातमोजे चालतात, पण बॉर्डर मेरिनोत किंवा मिश्र धाग्यात विणा, नाहीतर टोपी भुवयांवर येते. वेणीची वीण अल्पाकात विणण्याआधी विचार करा: लव उठली की वेणीचा उठाव पुसट होतो, त्यात काळा रंग असेल तर मेहनत दिसतच नाही. मोज्यांसाठी शुद्ध अल्पाका नको; पाव भाग नायलॉन असलेला धागा घ्या, आणि तेही घरात, रात्री झोपताना घालायचे मोजे म्हणून.

स्वेटर विणायचाच असेल तर निम्मी मेरिनो असलेला मिश्र धागा सर्वांत सुरक्षित. रेशीम मिसळलेली अल्पाका दिसायला अप्रतिम असते, पण रेशमालाही आखडता येत नाही, म्हणजे लोंबणं वाढतं. अलीकडे जाळीच्या बारीक नळीत अल्पाकाचे तंतू हवेने फुंकून भरलेला धागा मिळतो. तो जाड दिसतो पण वजनाला फार हलका असतो, त्यामुळे त्याचा स्वेटर बराच काळ मापात राहतो. ब्रश केलेली सुरी अल्पाका ही मोहेर या बकरीच्या लवदार लोकरीच्या जागी, दुसऱ्या धाग्याबरोबर जोडून विणायला छान. मात्र ती उसवणं महाकठीण, लव एकमेकांत अडकते. नमुना पक्का झाल्याशिवाय ती सुईवर घेऊ नका.

आणि काहीही विणण्याआधी नमुन्याचा तुकडा विणा. अल्पाकात हा तुकडा दहा सेंटिमीटरचा पुरत नाही. वीतभर रुंद आणि त्याहून लांब घ्या. टाके आणि ओळी मोजून लिहून ठेवा. मग धुवा, वाळवा आणि पुन्हा मोजा. त्यानंतर तुकड्याच्या खालच्या कडेला कपड्यांचे तीन-चार चिमटे लावून तो दोन दिवस टांगून ठेवा आणि तिसऱ्यांदा मोजा. हे तिसरं माप खरं. ओळींचा हिशेब त्यावर करायचा. तुकडा लांबीत दहाव्या भागाने वाढला असेल तर स्वेटर तेवढा आखूड विणायचा, म्हणजे तो अंगावर आल्यावर मापात बसतो.

महाराष्ट्रात राहणाऱ्यांनी जाड अल्पाकाचा स्वेटर विणण्यात अर्थ नाही, पुण्या-नाशिकच्या डिसेंबरलाही तो जास्त होतो. बारीक धाग्याची शाल मात्र पहाटेच्या थंडीला, एसीच्या गारठ्याला, रेल्वेच्या प्रवासाला, आणि हिमालयात ट्रेकला जाताना पाठीवर वजन न वाढवता ऊब न्यायला उत्तम. न्यू जर्सी, मिनेसोटा, टोरांटोकडच्या मंडळींनी हवे ते विणावं.

धुताना कोमट किंवा गार पाणी, लोकरीसाठीचा सौम्य साबण, चोळणं-पिळणं नाही. ओली अल्पाका फार जड होते आणि त्या अवस्थेत सर्वांत जास्त ताणली जाते, म्हणून बादलीतून काढताना खालून दोन्ही हातांनी आधार द्या. जाड टॉवेलात गुंडाळून दाबून पाणी काढा आणि आडवं पसरून सावलीत वाळवा. दोरीवर टाकू नका, हँगरला तर मुळीच नको. कपाटातही घडी करूनच ठेवायची.

आपल्याकडे खरी काळजी पावसाळ्याची आणि कसरीची. कसरीच्या अळ्या केराटिन खातात, आणि घामाचे किंवा अन्नाचे डाग असलेल्या जागेवर आधी जातात. म्हणून थंडी संपली की शाल न धुता ठेवायची नाही. धुऊन, कडकडीत वाळवून, हवाबंद पिशवीत ठेवा. कडुनिंबाचा पाला घालायचा तर पूर्ण सुकलेला आणि सुती पुरचुंडीत बांधलेला. ओलसर पाल्याने बुरशी धरते. पिशवीत कसर दिसलीच तर शाल तशीच बंद पिशवीत घालून दोन आठवडे फ्रीझरमध्ये ठेवा, अळ्या मरतात. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडू नका. ती घरच्या तापमानाला येईपर्यंत थांबा, म्हणजे दव लोकरीवर न धरता पिशवीच्या बाहेरच राहतं.